शाळेच्या पटावर न चढलेली नावं

मागच्या भागात आपण मुलींच्या शाळेचा इतिहास ऐकला. भिडे वाड्यातली १८४८ सालची शाळा, सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेलं शेण, हे सगळं आपल्या गटातल्या बायकांना आता तोंडपाठ आहे. आज त्याच्या शेजारचीच एक गोष्ट सांगायची आहे, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, किंवा ज्यांना शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, ती मुलं गावच्या साध्या शाळेत कधी आली? त्यांना कुणी आणलं? आणि आली तेव्हा त्यांच्यासाठी तिथे काही केलं होतं का?

आधी एक प्रसिद्ध नाव घेते. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज. जन्म १८८१ सालचा. नऊ महिन्यांचं बाळ असताना त्यांची दृष्टी गेली. शाळा नाही, पाटी नाही. पण त्यांना वाचून दाखवणारी माणसं मिळाली. त्यांनी ऐकलं, लक्षात ठेवलं, आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून जास्त ग्रंथ सांगून लिहवून घेतले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. ही गोष्ट खरी आहे, आणि मोठी आहे. पण आपण तिचा उपयोग कसा करतो बघा. "देव एक काढून घेतो तर दुसरं देतो," असं म्हणून एका गुलाबराव महाराजांच्या नावावर हजार मुलांचा विषय मिटवतो. त्यांना जे मिळालं ते काही आकाशातून पडलेलं नव्हतं. कुणीतरी रोज शेजारी बसून वाचून दाखवत होतं. प्रत्येक मुलाला असं माणूस मिळेल कसं, हाच तर सगळा प्रश्न आहे.

आता मोजणीकडे येऊ. इंग्रजांनी १८७२ साली पहिली जनगणना केली तेव्हापासून १९३१ पर्यंत चार प्रकारची माणसं वेगळी मोजली जात: वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी. शब्द तेव्हाचेच आहेत, आज आपण ते वापरत नाही. मोजणी होती, पण त्या आकड्यांवरून कुणी गावोगाव शाळा काढल्या असं झालं नाही. पुढे १९४१ पासून १९७१ पर्यंतच्या जनगणनांत तर हा प्रश्नच विचारला नाही. देश स्वतंत्र झाला, धरणं बांधली, पंचवार्षिक योजना आल्या, पण अशी मुलं किती आहेत हे विचारणारा रकाना कागदावर नव्हता. १९८१ साली जगभर अपंग वर्ष पाळलं गेलं तेव्हा प्रश्न आला, १९९१ ला पुन्हा गेला, आणि २००१ पासून परत विचारला जाऊ लागला. २००१ साली देशात सुमारे २ कोटी १९ लाख दिव्यांग माणसं मोजली गेली, २०११ साली सुमारे २ कोटी ६८ लाख. त्यातल्या आपल्या महाराष्ट्रातल्या २९ लाखांहून जास्त.

यातही किती नावं राहिली असतील ते तुम्हीच सांगू शकाल. मोजणारा दारात येतो, विचारतो, "घरात कुणी अपंग?" आणि आतून उत्तर येतं, "नाही, कुणी नाही." थोरल्या मुलीचं लग्न जमायचं असतं. आजी म्हणते, सांगू नको. आईच्या पोटात गोळा येतो, पण ती गप्प बसते. मी त्या आईला दोष देत नाही. गावानं तिला बोलायची सोयच ठेवलेली नसते. पण जे मूल मोजलं गेलं नाही, त्याच्या नावानं ना शिक्षक येतो, ना चाकाची खुर्ची, ना पुस्तक.

शाळा अजिबात नव्हत्या असं नाही. मुंबईत माझगावला १८८५ साली कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. अमृतसरला १८८७ साली अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अंध मुलांची शाळा काढली, देशातली ती पहिली. १९०० साली मुंबईत अमेरिकन मिशनची अंधशाळा सुरू झाली, तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा. पुण्यात १९३४ साली अंधशाळा निघाली. १९४४ साली मुंबईच्या वकील कुटुंबानं आपल्या लेकीसाठी घरातूनच सुरुवात केली आणि त्यातून बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा उभी राहिली. मिठू अलूर या आईनं आपली मुलगी मालिनी हिच्यासाठी धडपड केली आणि १९७३ साली मुंबईत कुलाब्याला तीन मुलांना घेऊन शाळा सुरू केली. मालिनीला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. हीच मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात इतर मुलांबरोबर शिकून पदवीधर झाली, परदेशात जाऊन आणखी शिकली आणि करंगळीनं टंकलेखन करून तिनं आपलं पुस्तक लिहिलं.

या सगळ्या शाळांनी काम केलं, त्यांचं ऋण आहेच. पण गावांची नावं पुन्हा ऐका. मुंबई, पुणे, अमृतसर, परत मुंबई. शाळा कुणी काढल्या? मिशननं, नाहीतर शहरातल्या ज्या आईबापांकडे थोडी ऐपत, शिक्षण आणि ओळखी होत्या त्यांनी. माण तालुक्यातली किंवा मेळघाटातली आई कुठून शाळा काढणार? तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. सहा-सात वर्षांचं लेकरू लांबच्या वसतिगृहात ठेवायचं, नाहीतर घरी ठेवायचं. मुलगा असेल तर एखादं घर वसतिगृहाचं धाडस करी. मुलगी असेल तर, "तिला कुठं पाठवता, सांभाळायला आपण आहोत की," असं म्हणून विषय संपे. सांभाळणं म्हणजे काय, तर दोन वेळचं जेवण आणि दाराशी पोतं टाकून बसवणं.

एक बाजूची गोष्ट सांगून पुढे जाते, कारण ती ऐकण्यासारखी आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची मोठी सभा भरली. तिथे ठरलं, की या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवायचं नाही, तोंडानंच बोलायला लावायचं. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे लोक. त्या एका ठरावामुळे जगभरच्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात आवरले गेले. ज्याच्यासाठी ठरवायचं त्यालाच विचारायचं नाही, ही खोड किती जुनी आहे ते यावरून कळतं. आपल्याकडे सांकेतिक भाषेसाठी देशपातळीवरची संस्था दिल्लीत निघाली ती २०१५ साली. ब्रेलचं नशीब थोडं बरं. आधी निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळे ब्रेल होते, ते १९५१ साली एक होऊन भारती ब्रेल झालं. त्यामुळे मराठी, हिंदी, तमिळ, सगळ्यांना टिंबांची एकच लिपी मिळाली.

आता साध्या शाळेकडे वळू. ज्योतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितलं होतं, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हता. पुढे राज्यघटनेनं म्हटलं, की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यानं करावा. सगळ्या मुलांना, असा शब्द आहे.

पण सक्तीच्या कायद्यांत एक पळवाट असे. १९६० सालचा दिल्लीचा प्राथमिक शिक्षण कायदा उदाहरणादाखल घेते. त्यात मूल शाळेत न पाठवण्याची योग्य कारणं दिली होती, आणि मुलाला शारीरिक किंवा मानसिक दोष असणं हे त्यातलं एक कारण. जवळ खास शाळा असेल तरच तिथे पाठवायला सांगायचं. वाचताना वाटतं, बरंच आहे की, आजारी लेकराच्या आईला दंड नको. हेतू दयेचाच होता. पण त्या दयेचा अर्थ असा झाला, की सगळ्या मुलांना शाळेत आणायची जबाबदारी सरकारवर, आणि या मुलांना मात्र सूट. सूट म्हणजे सुट्टी. सुट्टी म्हणजे कायमची सुट्टी.

या उलट विचारही त्याच काळात कागदावर होता, हे विशेष. १९४४ च्या सार्जंट अहवालानं म्हटलं होतं, की अपंग मुलांचं शिक्षण हा देशाच्या शिक्षणाचाच भाग असावा आणि खास शाळा गरज असेल तेव्हाच असाव्यात. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगानं तेच जास्त ठामपणे सांगितलं, की हे काम दया म्हणून करू नका, ही मुलं देशाच्या उपयोगी पडणारी माणसं आहेत म्हणून करा आणि शक्य तितक्यांना साध्या शाळेत घ्या. पण त्याच आयोगानं पुढच्या वीस वर्षांसाठी उद्दिष्ट किती ठेवलं? अंध, कर्णबधिर आणि हातापायानं अधू असलेल्या शंभर मुलांमागे पंधरा. बौद्धिक दिव्यांग शंभर मुलांमागे पाच. उरलेल्या पंच्याऐंशींचं आणि पंच्याण्णवांचं काय, हे ज्यांच्या घरात ती मुलं होती त्यांनी बघायचं.

१९७४ साली केंद्र सरकारनं एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. अपंग मूल साध्या शाळेत बसेल, त्याला पुस्तकं, साधनं, प्रवासाचे पैसे, वाचून दाखवणाऱ्याचा भत्ता मिळेल. आता गंमत ऐका, आपल्यासारख्या कचेरीचे उंबरे झिजवणाऱ्या बायकांना ती लगेच कळेल. मूल शाळेत बसवायचं, पण योजना दिली समाजकल्याण खात्याकडे. शाळा शिक्षण खात्याची. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणणार, हे आमच्याकडे नाही. आठ वर्षांनी, १९८२ साली, ती शिक्षण खात्याकडे आली. मला हे साल कायद्यांच्या सालांइतकंच महत्त्वाचं वाटतं. कारण त्या दिवशी पहिल्यांदा मान्य झालं, की हे मूल म्हणजे मदत घेणारा गरजू नाही, हा विद्यार्थी आहे. दोन खात्यांची ओढाताण मात्र अजून पुरती गेलेली नाही. खास शाळा एका खात्याकडे आणि जिल्हा परिषदेची शाळा दुसऱ्याकडे, हे आजही आहेच.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र. १९८४ साली त्यांनी सोबत्यांना घेऊन हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. खेड्यापाड्यातली मुलं शिकावीत म्हणून घरौंदा नावाचं वसतिगृह बांधलं. आणि नंतर जी शाळा काढली, ती फक्त अपंग मुलांची ठेवली नाही. आजूबाजूची चालती-फिरती मुलं आणि चाकाच्या खुर्चीवरची मुलं एका वर्गात. हे नीट समजून घ्या. साध्या शाळेत अपंग मुलांना घ्या म्हणून विनवणी करणं निराळं, आणि आपणच शाळा बांधून साध्या मुलांना "तुम्हीही या" म्हणणं निराळं. तिथे पायऱ्यांच्या जागी आधीच उतार होता, दारं रुंद होती, संडासात खुर्ची वळत होती. मुलं तीच, फक्त इमारत निराळी, आणि अडचण बरीचशी नाहीशी.

इथे दोन शब्दांतला फरक सांगते, तालुक्याच्या बैठकीत तो तुमच्या कानावर पडेल. आधीचा शब्द एकात्मिक शिक्षण. आताचा समावेशित शिक्षण. लग्नाच्या पंगतीवरून बघा. पहिल्या प्रकारात पाव्हण्याला म्हटलं, "या, बसा." पण त्याला मांडी घालता येत नाही आणि पंगत जमिनीवर. बसता आलं तर जेवा, नाहीतर तुमचं नशीब. दुसऱ्या प्रकारात यजमान आधीच विचारतो, कोण कोण येणार, कुणाला पाट लागेल, कुणाला खुर्ची, कुणाला मऊ भात. पंगत एकच, वाढणं ज्याच्या त्याच्या गरजेचं. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांची सरकारं एकत्र आली आणि त्यांनी हा दुसरा विचार मान्य केला, की मुलाला शाळेच्या मापाचं करू नका, शाळेला मुलाच्या मापाचं करा.

आपल्याकडे त्यानंतर कायदे भराभर आले. १९९५ च्या कायद्यानं सात प्रकारचं अपंगत्व मानलं आणि अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण सांगितलं. सर्व शिक्षा अभियानानं म्हटलं, की कोणत्याही मुलाला नाही म्हणायचं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात वंचित गटाच्या व्याख्येत दिव्यांग मुलं नव्हती, ती २०१२ च्या दुरुस्तीनं आली. म्हणजे सगळ्या मुलांच्या हक्काच्या कायद्यातही यांना आणायला मागाहून दुरुस्ती करावी लागली. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यानं सातचे एकवीस प्रकार केले. सेरेब्रल पाल्सीची मुलं, स्वमग्न मुलं, अक्षर ओळखायला अडखळणारी मुलं, सिकलसेल आणि थॅलेसेमियाची मुलं, सगळी त्यात आली. ज्या मुलाला मास्तर "ढ" म्हणून मागच्या बाकावर ढकलत होते, त्याला कायद्यात पहिल्यांदा नाव मिळालं. याच कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा पालकांना हवी तर खास शाळेत, मोफत शिकण्याचा हक्क आहे.

२०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली, तिच्याबद्दल मला थोडी शंका आहे. ज्या मुलाचं दिव्यांगत्व तीव्र आहे किंवा एकाहून जास्त आहे, त्याला घरी शिकण्याचा हक्क मिळाला. अंथरुणाला खिळलेल्या लेकरासाठी हे चांगलंच आहे, शिक्षक घरी येईल, आईला व्यायाम दाखवेल. पण कागदावरचा हक्क आणि शाळेची सोय यांची गल्लत फार लवकर होते. "तुमच्या मुलीला इथे जमायचं नाही, घरी शिकवायची योजना आहे ना," असं कुणी म्हणालं, तर ओळखा की जुनी सूट नव्या नावानं परत आली आहे. घरी शिकवायचं की शाळेत पाठवायचं हे पालकांनी ठरवायचं आहे. शाळेनं नाही म्हणण्यासाठी ती तरतूद नाही.

खास शाळा बंदच कराव्यात, असंही मी म्हणत नाही. जिला ऐकू येत नाही अशी मुलगी साध्या वर्गात बसली आणि तिथे खुणांची भाषा कुणालाच येत नसेल, तर चाळीस मुलांत ती एकटीच. पटावर नाव आहे, हजेरी लागते आणि दिवसभरात तिच्याशी एक शब्द कुणी बोलत नाही. अशा मुलीला चांगली खास शाळा जवळ असेल तर तिथे आपल्यासारख्या दहा जणी भेटतात. पण ती जवळ असेल तर. बहुतेक गावांत शाळा एकच असते, जिल्हा परिषदेची. म्हणून हा वाद शहरात कितीही चालू दे, आपल्या गावात प्रश्न सरळ आहे: ही एक शाळा तिला घेते की नाही, आणि घेतल्यावर शिकवते की नाही.

२०११ चे आकडे सांगते. देशातल्या दर शंभर दिव्यांग माणसांत ६९ खेड्यात राहतात. दिव्यांग पुरुषांत शंभरातले सुमारे ६२ साक्षर, बायकांत सुमारे ४५. पाच ते एकोणीस वर्षांच्या दिव्यांग मुलांत शंभरातली सुमारे २७ शाळेत कधी गेलीच नव्हती. पायरीच चढली नाहीत.

आणि मुलींचं तर निराळंच. चौथी-पाचवीपर्यंत आई कडेवर, पाठुंगळी नेते. मग मुलीचं वजन वाढतं, आईची कंबर धरते. शाळेत संडास असतो, पण दार अरुंद, दोन पायऱ्या वर, आत धरायला काही नाही. मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही, म्हणजे जावंच लागू नये. त्यात पाळी सुरू होते. मग एक दिवस घरातच ठरतं, की आता पुरे. लोक म्हणतात मुलीनं शाळा सोडली. सोडली कसली, दोन पायऱ्यांनी तिला बाहेर ठेवलं.

उताराचंही सांगून ठेवते, कारण गावोगाव तो चुकीचा बांधतात. एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा, ही साधी रीत आहे. दोन फुटांचा ओटा असेल तर चोवीस फूट, बाजूला धरायला कठडा, मध्ये थांबायला सपाट जागा. पुष्कळ ठिकाणी पाच-सहा फुटांत घसरगुंडी बांधतात, फोटो काढतात, बिल निघतं. त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही, शेळ्या मात्र मजेत बसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला अडथळा नसलेला रस्ता हवा असं लिहिलं आहे. पुढच्या वेळी शाळेत गेलात की पावलांनी मोजून बघा.

शाळेच्या आधी अंगणवाडी येते. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. ती सगळ्या लहान मुलांची, पण दिव्यांग मुलं तिथेही फारशी दिसत नव्हती. वर उल्लेख केलेल्या मिठू अलूर यांनी हेच पुढे अभ्यास करून मांडलं, की एवढ्या मोठ्या योजनेतून ही मुलं गळून जातात. बाळ मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, हे पहिल्या दोन-तीन वर्षांत कळलं तर पुढचं खूप काही वाचतं. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं अंगणवाडीतल्या दिव्यांग बालकांसाठी वेगळी कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळखायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं, आरोग्य खात्याकडे पाठवायचं. आता अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला एकटीला हे झेपणार नाही. शेजारपाजारच्या बायांनी घर दाखवलं तर तिची निम्मी पायपीट वाचेल.

वर्गात नेमकं काय बदलावं लागतं? पुष्कळदा फार थोडं. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवायचं आणि फळ्याकडे तोंड करून नाही, त्याच्याकडे तोंड करून बोलायचं. कमी दिसणाऱ्या मुलीला खिडकीची तिरीप डोळ्यावर येणार नाही अशी जागा, जाड रेघांची वही. हात थरथरणाऱ्या मुलाला पेन्सिलीला कापडाची गुंडाळी. परीक्षेत लेखनिक, आणि केंद्र सरकारच्या २०१३ च्या सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जादा. बाकीच्या मुलांचे पालक कुरकुरतात, की आमची मुलं मागे पडतील. मला वाटतं हे उलट आहे. जो शिक्षक एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायला शिकतो, दाखवून, हातात देऊन, बोलून, त्याच्या वर्गात मधल्या बाकावरची गप्प मुलंसुद्धा शिकतात.

पण शिक्षकाला ते शिकवणारं कुणी हवं. तो म्हणजे विशेष शिक्षक, जो शाळाशाळांना फिरून भेट देतो. वर्षानुवर्षं हे शिक्षक कंत्राटावर, पगार अनियमित, आणि एकेकाकडे गावं किती तरी. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं या शिक्षकांच्या प्रकरणात निकाल दिला आणि प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांत पंधरांमागे एक. २०२४ साली आपल्या राज्य मंत्रिमंडळानं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. तुमच्या केंद्राचे विशेष शिक्षक कोण, ते शाळेत कोणत्या वारी येतात, हे मुख्याध्यापकांना विचारायला हरकत नाही.

विचारण्याची जागाही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. त्या समितीत दिव्यांग मुलाची आई असेल तर उताराचा विषय दर बैठकीला निघतो, नसेल तर वर्षातून एकदा. मुलींना समग्र शिक्षा योजनेतून महिन्याला २०० रुपये, दहा महिने, मिळतात. सोबत नेणाऱ्याचा आणि प्रवासाचाही भत्ता आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत तो हिशेब मागता येतो. संडासाचं दार रुंद करायला आणि आत लोखंडी दांडा बसवायला त्यातून किती लागतील, याचा अंदाज गावच्या गवंड्याकडून आधी लिहून आणा. नुसतं बोललेलं इतिवृत्तात येत नाही, कागद दिला की येतो.

हे सगळं मिळायला दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र लागतं. ते कुठे, कोणत्या वारी, कोणते कागद घेऊन काढायचं, ते पुढच्या भागात सांगेन. तोवर आपापल्या वाडीवस्तीवर अशी किती मुलं आहेत, त्यांची नावं आणि वयं गटाच्या वहीत लिहून ठेवा. मोजणाऱ्याला जे घरात सांगितलं नसेल, ते तुम्हाला सांगतील.